बर्फाखालचें गोंडवन

भूगर्भशास्त्रावरील कोणतेंहि पुस्तक उघडा. तें लंडनला छापलेलें असो, मेलबर्नला असो कीं केपटाऊनला असो, त्यांत एक शब्द आपल्या ओळखीचा सांपडल्यावांचून राहणार नाहीं. तो शब्द म्हणजे 'गोंडवन'. गोंडांच्या मुलखाचें हें नांव मेडलिकॉट या भूगर्भशास्त्रज्ञानें १८७२ सालीं मध्यभारतांतील प्रस्तरांच्या एका मालिकेस योजिलें. फाइस्टमांटेल यानें १८७६ सालीं तें छापून रूढ केलें. आणि १८८५ सालीं एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन पंडितानें तेंच नांव एका लुप्त झालेल्या महाखंडास दिलें. भारत, आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण ध्रुवाभोंवतीचें अंटार्क्टिका हे सारे भूभाग एके काळीं एकत्र नांदत होते, आणि त्या एकत्र कुटुंबाचें आडनांव आज साऱ्या जगांत गोंडवन असेंच चालतें.

भंडारा जिल्ह्यांतील श्रोत्यांस यांत आणखी एक नातें सांपडेल. भूकवचाचा जो फार जुना, टणक आणि बहुधा स्थिर राहिलेला तुकडा असतो त्यास या शास्त्रांत क्रॅटन म्हणतात. मध्यभारतांतील अशा एका तुकड्यास कांहीं शास्त्रज्ञ बस्तर क्रॅटन म्हणतात, तर कांहीं भंडारा क्रॅटन म्हणतात. म्हणजे आपल्या गांवाचें नांवहि या वंशावळींत नोंदलेलें आहे. या कुटुंबांतील बाकीचे भाऊबंद कोठें ना कोठें उघड्यावर नांदत आहेत. अंटार्क्टिका मात्र बर्फाखालीं गाडलेलें आहे. तेथें जाऊन दगड गोळा करणारा माणूस नेमकें काय करितो, आणि ज्या दगडांतून एक पैचेंहि खनिज काढावयाचें नाहीं अशा दगडांसाठीं तो जीव धोक्यांत कां घालतो, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम त्या भूमीची कल्पना यावी म्हणून दोन-तीन आंकडे देतों. अंटार्क्टिकाचें क्षेत्रफळ सुमारें १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या चौपटीहून अधिक आहे. त्यावरील बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरांच्या घरांत जाते आणि कांहीं ठिकाणीं ती साडेचार किलोमीटरांहूनहि अधिक भरते. उपग्रहांनीं घेतलेल्या चित्रांवरून उघड्या खडकाची जी मोजणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली, तींत त्याचें प्रमाण हजारांत दोन भागांहूनहि किंचित् कमी आढळलें. एखाद्या हजार पानांच्या ग्रंथाचीं दोनच पानें हातीं लागावीं आणि तेवढ्यांवरून सारी कथा सांगावी लागावी, तशी तेथील भूगर्भशास्त्रज्ञाची स्थिति असते.

ही अडचण आपल्याकडे नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. साकोली, लाखांदूर या भागांतील धानाच्या बांध्यांतून हिंडून पाहा. कन्हार, मोरंड, सिहार अशा नाना जातींच्या मातीनें जमीन झांकलेली आहे. जेथें माती नाहीं तेथें मुरूम, मुरूम नाहीं तेथें जांभा, आणि सखल भागांत तलाव व बोड्या. मूळ खडकाचें दर्शन घडतें तें एखाद्या टेकाडावर, नाल्याच्या तळाशीं, विहीर खणतांना किंवा खाणीच्या कड्यांत. साकोली आणि सौंसर या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या येथील प्राचीन प्रस्तरांचे नकाशे भूगर्भशास्त्रज्ञांनीं तयार केले ते अशींच उघडीं ठिकाणें पायीं हिंडून शोधून, आणि दोन ठिकाणांमधील झांकलेल्या भागाविषयीं तर्क बांधून. अशा नकाशांत एक पाळण्याजोगी रीत आहे. दोन खडकांमधील सीमा जेथें डोळ्यांनीं पाहिली तेथें अखंड रेघ काढावयाची. जेथें ती केवळ अनुमानानें ठरविली तेथें तुटक रेघ काढावयाची. पाहिलेलें आणि मानलेलें यांची सरमिसळ होऊं द्यावयाची नाहीं, हा या शास्त्राचा पहिला धर्म होय. भंडाऱ्याच्या नकाशांत तुटक रेघा पुष्कळ आहेत. अंटार्क्टिकाच्या नकाशांत त्या बहुतेक सर्वत्र आहेत. तेथें जाणारा प्रत्येक भूगर्भशास्त्रज्ञ त्यांतील एखादी तुटक रेघ बोटभर तरी अखंड करण्यासाठीं जातो.

भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन जहाजानें निघाली. डॉ. कासिम हे तिचे नायक होते आणि तींत एकवीस जण होते. ९ जानेवारी १९८२ रोजीं त्यांनीं त्या भूमीवर पाऊल ठेविलें. दुसऱ्या मोहिमेचें नायकत्व व्ही. के. रैना या भूगर्भशास्त्रज्ञाकडेच होतें. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील होते. १९८३ सालीं निघालेल्या तिसऱ्या मोहिमेंत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया गेल्या. एक नागपुरास जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत, आणि दुसऱ्या जादवपूर विद्यापीठांतील भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. सेनगुप्ताबाईंनीं शिर्माखर या नांवाच्या टेकड्यांतील खडकांचा अभ्यास केला. त्याच मोहिमेंत 'दक्षिण गंगोत्री' हें आपलें पहिलें ठाणें बर्फाच्या थरावर उभें राहिलें. पण बर्फावरचें घर हळूहळू बर्फाखालीं जातें. तसेंच याचेंहि झालें, आणि १९८९ मध्यें शिर्माखरच्या उघड्या खडकावर 'मैत्री' हें ठाणें बांधण्यांत आलें. २०१२ सालीं लार्समन टेकड्यांत 'भारती' उभें राहिलें. भारतीचा रेखांश ७६ अंशांच्या किंचित् पुढें आहे, आणि आपल्या बुलढाण्याचाहि तोच. बुलढाण्याहून नाकासमोर दक्षिणेस निघालेला प्रवासी, वाटेंत कोठेंहि वळण न घेतां, महासागर ओलांडून भारतीच्या परिसरांतच जाऊन पोंचेल.

आपल्याकडे हिवाळा असतो तेव्हां तिकडे उन्हाळा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काय तो कामाचा हंगाम. त्यांतील सुमारें दोन महिने, या ठाण्यांच्या अक्षांशावर, सूर्य मावळतच नाहीं. घड्याळांत रात्रीचे बारा वाजले असतांहि खडकावर ऊन पडलेलें असतें. म्हणून 'आतां दिवस संपला, काम थांबवूं' असें सांगणारें निसर्गांत कोणी नसतें. थकव्याचा हिशेब माणसानें स्वतःच ठेवावा लागतो. ठाण्यापासून दूरच्या डोंगरांत काम असेल तर हेलिकॉप्टर किंवा बर्फावरून चालणाऱ्या गाड्या तंबू, चूल, इंधन आणि शिधा यांसह चार-सहा जणांस तेथें नेऊन सोडतात. शिधा नेमलेल्या दिवसांहून पुष्कळ अधिक द्यावा लागतो. कारण परत नेण्याचा दिवस पंचांगावर ठरत नाहीं, वाऱ्यावर ठरतो.

हा वारा हेंच तेथील मुख्य संकट होय. खंडाच्या मध्यावरील उंच पठारावर हवा अतिशय थंड होते, थंड झाल्यामुळें जड होते, आणि नाल्याचें पाणी जसें उतारानें धांवतें तशी ती किनाऱ्याकडे कोसळत येते. तिच्याबरोबर भुसभुशीत हिम उडूं लागलें म्हणजे हात पुढें केला तर हात दिसत नाहीं. कधीं वारा नसतो, पण आकाश आणि जमीन यांचा पांढरा रंग एक होतो. सांवली पडत नाहीं, उंचसखल कळत नाहीं, आणि चार पावलांवरील खळगाहि डोळ्यांस सपाट भासतो. शिवाय हिमनदीच्या अंगांत खोल भेगा असतात आणि त्यांवर ताज्या हिमाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. गवतानें झांकलेल्या पडक्या विहिरीवरून चालण्याचाच तो प्रकार. म्हणून बर्फावरून जातांना माणसें एकमेकांस दोरानें बांधून घेतात. एक जण भेगेंत गेला तर बाकीच्यांनीं त्यास धरून ठेवावें.

संकट नेहमीं एवढें उघड असतेंच असें नाहीं. १९९० सालच्या जानेवारींत आपल्या नवव्या मोहिमेंतील चार जण डोंगरांतील तळावर मरण पावले. ते भेगेंत पडले नाहींत कीं वादळांत सांपडले नाहींत. कार्बन मोनॉक्साइड या वायूनें त्यांचा घात केला. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. बंदिस्त जागेंत इंधन अपुऱ्या हवेनें जळूं लागलें म्हणजे तो तयार होतो, आणि माणूस झोंपेंतच दगावतो. थंडीपासून बचाव करणारी बंद जागाच अशा वेळीं काळ ठरते. तेव्हांपासून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकास आगीइतकेंच हवेच्या झरोक्याचें महत्त्व शिकविलें जातें. आपल्याकडील थंडीच्या दिवसांत दारें-खिडक्या लावून शेगडी पेटविणाऱ्या घरांनींहि हा धडा घेण्यासारखा आहे.

आतां प्रत्यक्ष काम पाहूं. त्याचीं साधनें भंडाऱ्यांत लागतात तींच तेथेंहि लागतात : हातोडा, भिंग, होकायंत्र, वही आणि कापडी पिशव्या. फरक वापरांत पडतो. शाई गोठते म्हणून नोंद शिसपेन्सिलीनें करावी लागते. उघड्या बोटांनीं गारठलेलें लोखंड धरलें तर कातडें त्यास चिकटतें, आणि जाड हातमोज्यांत पेन्सिल धरतां येत नाहीं. म्हणून मोजा काढावयाचा, दोन ओळी लिहावयाच्या, पुन्हां मोजा चढवावयाचा, असा क्रम दिवसभर चालतो. होकायंत्राचीहि खोड निराळी. चुंबकीय ध्रुव जवळ येऊं लागला म्हणजे सुई आडवी स्थिर राहण्याऐवजीं खालीं झुकूं पाहते, आणि ती दाखविते ती दिशा खऱ्या उत्तरेहून फारच दूर असूं शकते. पूर्वीं सूर्याच्या स्थितीवरून दिशा ठरवीत. आतां उपग्रहांच्या संकेतांवरून स्थळ निश्चित करितात. पण थंडीनें विद्युत्घटांची शक्ति झपाट्यानें उतरते, म्हणून सूर्याकडे पाहण्याची विद्या अजून कोणी टाकलेली नाहीं.

खडकापाशीं पोंचल्यावर प्रथम हातोडा चालवावयाचा नसतो. प्रथम पाहावयाचें असतें. थर कोणत्या दिशेनें पसरले आहेत, किती अंशांनीं कलले आहेत, त्यांस घड्या पडल्या आहेत काय, कोणता खडक कोणास छेदून गेला आहे, हें मोजून वहींत उतरवावयाचें. मग तुकडा फोडावयाचा, त्यावर क्रमांक घालावयाचा, तोच क्रमांक पिशवीवर आणि तोच वहींत. क्रमांक नसलेला दगड म्हणजे पत्ता नसलेलें पत्र. तो कितीहि सुंदर असला तरी प्रयोगशाळेंत त्याचा उपयोग नाहीं. आणि त्याच्या स्थळाची खात्री करून घेण्यासाठीं पुन्हां तेथें जाणें बहुधा कोणाच्याहि नशिबीं नसतें. प्रत्येक दगडाचें ओझें कोणास तरी वाहावें लागतें, म्हणून काय उचलावें यापेक्षां काय ठेवून यावें हा निर्णय अधिक कठीण असतो.

या हालअपेष्टांचा मोबदलाहि निसर्ग देतो. आपल्याकडील पावसानें आणि उष्णतेनें खडकांतील फेल्डस्पार हें खनिज कुजून त्याची माती होते. भंडाऱ्यांत ताजा खडक मिळविण्यासाठीं कधीं कधीं फूट-दोन फूट मुरूम उकरावा लागतो. ध्रुवप्रदेशांत झाड नाहीं, गवत नाहीं, माती जवळजवळ नाहींच. जो थोडा खडक उघडा आहे तो धुऊन पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ असतो. शिवाय हिमनदी स्वतःच नमुने आणून देते. वैनगंगेच्या वाळूंत जसे सिवनी-बालाघाटकडील डोंगरांचे कण सांपडतात, तसे हिमनदीनें वाहून आणलेल्या दगडगोट्यांत दूरच्या, दृष्टीआड असलेल्या खडकांचे तुकडे सांपडतात. जेथें माणसास जातां येत नाहीं त्या तळघरांतील वस्तु बर्फच दारांत आणून ठेवितो.

या दगडांत वाचावयाचें काय असतें? याचें उत्तर देण्यासाठीं मला भंडारा जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाहीं. या जिल्ह्यांत कायनाइट आणि सिलिमनाइट हीं दोन खनिजें मिळतात. पोहऱ्याचें सिलिमनाइट तर प्रसिद्धच आहे. भट्ट्यांना लागणाऱ्या उष्णतारोधक विटांसाठीं यांचा उपयोग होतो. पण शास्त्रज्ञांस त्यांचें कौतुक वाटतें तें निराळ्याच कारणानें. अँडालुसाइट नांवाचें तिसरें भावंड धरून या तिन्ही खनिजांचे घटक एकच आहेत : अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि प्राणवायु, आणि तेहि त्याच प्रमाणांत. भेद आहे तो परिस्थितीचा. पृथ्वीच्या पोटांत दाब अधिक आणि उष्णता बेताची असेल तर कायनाइट होतें. उष्णता वाढली कीं सिलिमनाइट होतें. दाब कमी असेल तर अँडालुसाइट होतें. सुमारें ५०० अंश उष्णता आणि चौदा-पंधरा किलोमीटर खोलीवरील दाब, या ठिकाणीं तिघांच्या सीमा एकत्र येतात. म्हणजे हातांतील निळसर कायनाइटाचा किंवा तंतुमय सिलिमनाइटाचा तुकडा हा एकाच वेळीं उष्णतामापक आणि दाबमापक असतो. तो खडक कोणे एके काळीं किती खोल होता आणि किती तापला होता, हें तो सांगतो.

भारतीच्या आसपासच्या टेकड्यांत आणि शिर्माखरच्या खडकांतहि तामड्याबरोबर सिलिमनाइट आढळतें. याचा अर्थ असा कीं आज वाऱ्यांत उघडे पडलेले ते खडक एके काळीं एखाद्या भव्य पर्वतराजीच्या मुळाशीं, पुष्कळ किलोमीटर खोल, भाजून निघाले होते. हें केव्हां घडलें तें झिरकॉन नांवाच्या चिवट खनिजाच्या कणांवरून ठरवितात. त्यांत अडकलेल्या युरेनियमचें शिसें होण्याची गति ठरलेली आहे. किती युरेनियम उरलें आणि किती शिसें झालें हें मोजलें कीं कणाचें वय निघतें.

अशा वयांची तुलना केल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसून आली. आपल्या पूर्व घाटांतील पुष्कळसे खडक आणि अंटार्क्टिकांतील रेनर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशांतील खडक हे सुमारें १०० ते ९० कोटी वर्षांपूर्वींच्या एकाच उलथापालथींत भाजून निघालेले आहेत. ज्यास भंडारा क्रॅटन म्हणतात त्या जुन्या तुकड्याच्या पूर्व कडेस पूर्व घाटाचा हा पट्टा चिकटलेला आहे, आणि त्यापलीकडे एके काळीं समुद्र नव्हता, अंटार्क्टिका होतें. ओरिसांतील महानदीचें खोरें एका प्राचीन खचलेल्या पट्ट्यांतून जातें. तिकडे भारती ठाण्याच्या पश्चिमेस लँबर्ट नांवाची प्रचंड हिमनदी तशाच खचलेल्या पट्ट्यांतून समुद्राकडे उतरते. दोन्ही भूखंड मनानें पूर्ववत् जुळवून पाहिले तर हे दोन पट्टे एकमेकांसमोर येतात. दोहोंतहि त्याच काळचा कोळसा आहे आणि त्याच वनस्पतींचीं पानें आहेत. सुमारें तेरा कोटी वर्षांपूर्वीं हे भूखंड अलग होऊं लागले आणि मधें महासागर पसरला.

त्या पानांची कथा नागपूरच्या श्रोत्यांनीं विशेष लक्ष देऊन ऐकावी. जिभेच्या आकाराचें, मध्यें ठळक शीर असलेलें हें पान ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीचें. ब्रोंन्यार नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२८ सालीं तिला हें नांव दिलें. नागपुरांतील मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नांवाचें कॉलेज आजहि नागपुरांत आहे, यांनीं कामठी-सिलेवाड्याकडील वालुकाश्मांतून अशीं पानें जमविलीं, आणि नागपूरच्या त्या संग्रहाचें वर्णन १८६१ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. हींच झाडें गाडलीं जाऊन वर्धेच्या खोऱ्यांतील कोळसा झाला.

यानंतर पन्नास वर्षांनीं कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचले. आमुंडसेन महिन्याभरापूर्वींच तेथें येऊन गेला होता. परततांना, बिअर्डमोर हिमनदीच्या कांठीं, थकलेल्या अवस्थेंत त्यांनीं खडक तपासले आणि डॉ. विल्सन यांनीं पानांचे ठसे असलेले दगड निवडून घेतले. पुढें त्या पांचांपैकीं एकहि वांचला नाहीं. नोव्हेंबरमध्यें त्यांचा तंबू सांपडला तेव्हां त्यांत वह्यांबरोबर सुमारें पस्तीस पौंड दगडहि होते. अन्न संपत आलें, पाय चालेनात, तरी तें ओझें त्यांनीं टाकलें नव्हतें. १९१४ सालीं केंब्रिजच्या सेवर्ड यांनीं तीं पानें ग्लोसोप्टेरिसचीं असल्याचें जाहीर केलें. कामठीच्या खडकांतील झाडाचेंच भावंड ध्रुवाच्या वाटेवर सांपडलें होतें. बीं वाऱ्यानें एवढा महासागर ओलांडून गेलें असेल ही कल्पना पटण्यासारखी नव्हती; दोन्ही भूमि एकमेकींस लागून होत्या, हेंच त्याचें सरळ उत्तर होतें. योगायोग असा कीं त्याच १९१२ सालीं आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानें भूखंडें सरकतात हें आपलें मत प्रथम मांडलें. लोकांनीं तें पुष्कळ वर्षें हंसण्यावारी नेलें. वेगेनर स्वतः १९३० च्या नोव्हेंबरांत उत्तरेकडे, ग्रीनलंडच्या बर्फावर, मृत्यु पावला. आपल्या मताचा विजय पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

या साऱ्यांत एक गोष्ट राहून जाऊं नये. ध्रुवावरील बर्फ पाहण्यासाठीं आपणांस एवढ्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. सुमारें तीस कोटी वर्षांपूर्वीं आपली भूमि दक्षिण ध्रुवाच्या इतकी जवळ होती कीं येथेंच हिमनद्या वाहत होत्या. ओरिसांतील तालचेर येथील दगडगोट्यांचा थर बर्फाच्या क्रियेनें झाला असावा हें १८५६ सालींच ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबोल्ड यांनीं सुचविलें होतें. पुढें चंद्रपूरजवळील इरईच्या परिसरांत फेडन यांस चुनखडीची एक फरशी आढळली; ती घांसून गुळगुळीत झालेली होती आणि तिच्यावर समांतर ओरखडे होते. त्याचें वर्णन त्यांनीं १८७५ सालीं प्रसिद्ध केलें. हिमनदी आपल्या पोटांत धरलेल्या दगडांनीं खालचा खडक असाच घांसून काढते. अंटार्क्टिकांत आजहि असेच ओरखडे ताजे दिसतात. ज्या चंद्रपूरचा उन्हाळा अंगाची लाही करितो, तेथें बर्फाच्या सहीचा कागद जपून राहिलेला आहे. ध्रुवप्रदेशांत काम केलेल्या माणसाचे डोळे ती सही चटकन् ओळखतात. आणि इरईची फरशी पाहिलेल्या माणसास ध्रुवप्रदेश परका वाटत नाहीं.

आतां शेवटचा प्रश्न उरतो. एवढ्या श्रमांतून मिळतें काय? भंडाऱ्यांत या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. तुमसर तालुक्यांतील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी आपणांस माहीतच आहेत. फर्मोर यांनीं मध्यप्रांतांतील मँगनीजचा अभ्यास करून १९०९ सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील मँगनीजयुक्त तामडा आणि गारगोटी यांच्या खडकास त्यांनीं गोंडांवरून 'गोंडाइट' असें नांव दिलें. त्या ज्ञानामागोमाग खाणी होत्या, मजुरी होती, आगगाड्या होत्या. अंटार्क्टिकांत यांपैकीं कांहींच नाहीं, आणि असूं नये असा जगाचा ठराव आहे. १९९१ सालीं माद्रिद येथें झालेल्या करारानें तेथें शास्त्रीय संशोधनावांचून दुसऱ्या कोणत्याहि हेतूनें खनिजांस हात लावण्याची मनाई केली; तो करार १९९८ पासून अंमलांत आहे. भारतानेंहि २०२२ सालीं आपला स्वतंत्र अंटार्क्टिक कायदा केला आहे. तेथें पेटविलेल्या चुलीची राखहि मागें ठेवतां येत नाहीं, सारा कचरा परत न्यावा लागतो. म्हणून तेथील दगडाची किंमत तो कोणत्या प्रश्नास उत्तर देतो यावरच ठरते.

आणि तो प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाहीं. हिमनदीनें डोंगरमाथ्यावर सोडून दिलेला गोटा उघडा पडला कीं अवकाशांतून येणाऱ्या सूक्ष्म किरणांनीं त्यांत ठराविक गतीनें नवे अणु तयार होऊं लागतात. ते मोजले कीं त्या माथ्यावरून बर्फ केव्हां उतरला हें कळतें. अशा शेंकडों गोट्यांवरून, पूर्वीं पृथ्वी तापली तेव्हां हा बर्फ किती वेगानें वितळला याचा हिशेब बांधला जातो. अंटार्क्टिकावरील सारा बर्फ वितळला तर जगांतील समुद्राची पातळी सुमारें ५८ मीटर चढेल. तसें एकाएकीं होण्याचा संभव नाहीं. पण त्याचा एक लहानसा अंश वितळला तरी मुंबईची चौपाटी, कोंकणांतील खाड्या आणि गोव्याचे किनारे यांवर त्याचा परिणाम झाल्यावांचून राहणार नाहीं. किती होईल आणि केव्हां होईल, हें सांगणाऱ्या रेघा आज नकाशावर तुटक आहेत.

त्या अखंड करण्याचें काम यंत्रें आणि उपग्रह पुष्कळ करितात. परंतु बर्फ किती पातळ झाला हें उपग्रह सांगूं शकतो, तसा तो पूर्वीं केव्हां झाला होता हें सांगण्यास अखेर दगडच लागतो, आणि दगड उचलण्यास माणूसच लागतो. आपल्या मुलांपैकीं कोणी उद्यां या कामास जाऊं इच्छील तर त्यानें आरंभ बर्फापासून करण्याचें कारण नाहीं. सुटीच्या दिवशीं एक भिंग आणि एक वही घेऊन त्यानें घराजवळच्या टेकडीवर जावें, जें दिसेल तेंच लिहावें, जें वाटेल तें निराळें लिहावें, आणि उचललेल्या प्रत्येक दगडावर क्रमांक घालावा. ध्रुवावर याहून निराळें कांहीं करावयाचें नसतें. तेथें हेंच हातमोजे घालून करावें लागतें, एवढाच काय तो फरक.